कान आणि कानस



गेल्या आठवड्यात आपल्या सांगलीतलेच एक गृहस्थ आमच्याकडे आले. हातात एका खाजगी संस्थेचे गुळगुळीत कागदावर छापलेले माहितीपत्रक होते. त्यांची कन्या यंदा विज्ञान शाखेतून बारावी झाली. गाण्याच्या परीक्षाही ती देते आहे. तिला ‘म्युझिक टेक्नॉलॉजी’ शिकायची आहे. संस्था एका वर्षाच्या शिक्षणाला जी फी मागते, तिच्यासाठी या गृहस्थांना बँकेतली मुदत ठेव मोडावी लागेल. ती ठेव मुलीच्याच लग्नाची म्हणून ठेवलेली. त्यांनी आम्हांस सरळ विचारले, “साहेब, यात पोट भरते का? आणि भरत असेल, तर त्याला अंगी काय असावे लागते?”

व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा हाच प्रश्न डोक्यात घोळत होता, म्हणून तोच दिला. ते गृहस्थ आज या मंडपात कुठेतरी बसले असतील. नाव अर्थातच आम्ही घेणार नाही.

प्रथम त्या माहितीपत्रकाविषयी. त्यात डझनभर कॉम्प्युटर प्रोग्रॅमांची नावे होती आणि ‘या सर्वांत प्रावीण्य’ असे पुढे लिहिले होते. आता आमचे पाहा. आम्ही या धंद्यात शिरलो तेव्हा ध्वनिमुद्रण फितीवर होई. नको तो भाग काढून टाकायचा तर दाढीच्या पात्याने फीत तिरकी कापायची आणि मागून चिकटपट्टी लावून जोडायची. या कामात आमचा हात इतका बसला होता की डोळे मिटून कापू, अशी ऐट होती. पुढे कॉम्प्युटर आला आणि ते पाते, ती चिकटपट्टी, ती ऐट सारे अडगळीत गेले. राहिले ते एवढेच, की कापायचे कुठे हे कळणे. तबल्याची सम येते तिच्या आघाताच्या किंचित आधी कापले तर जोड ऐकू येत नाही; आघातानंतर, नाद विरत असताना कापले तर शेवटच्या रांगेतल्या माणसालाही खटकते. हे पात्याला ठाऊक नव्हते आणि प्रोग्रॅमलाही ठाऊक नाही. ज्याने ताल हातावर धरून ऐकला आहे, त्याला ते ठाऊक असते. म्हणून पत्रकातली ती नावे वाचून आम्ही फारसे भारावलो नाही. प्रोग्रॅम शिकावेतच, पण ते कोणीही हुशार मुलगा काही महिन्यांत शिकतो, आणि दहा वर्षांनी त्यांतले निम्मे बदललेले असतात.

मग न बदलणारे काय आहे? ते पाहण्यासाठी फार दूर जायला नको. मिरजेला चला. तंतुवाद्यांच्या त्या गल्लीत शिरलात की तानपुऱ्यांचे भोपळे टांगलेले दिसतात. ते पंढरपूरकडच्या शेतांतून येतात. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली. परंतु छायाचित्रात न येणारी गोष्ट म्हणजे जवारी काढणे. कारागीर घोडीचा पृष्ठभाग कानशीने जरा घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. केसभर जास्त घासले तर तार फुसकी बोलते, कमी घासले तर ठोकळ्यासारखी वाजते. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवून जागा शोधायची. एका जागी तो आला की सबंध तार एकदम उमलते, आणि खर्जाच्या पोटातून गंधार स्पष्ट ऐकू येऊ लागतो. त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो.

हा गंधार कोठून आला, हे एका मोठ्या माणसाला विचारावेसे वाटले. 1921 साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपल्या तंतुवाद्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूवर ज्या स्वरांशाचा निश्चल बिंदू पडतो तो स्वरांश ऐकू येऊ नये, असा पाश्चात्त्यांचा मान्य नियम होता. रामन यांनी दाखवले की तानपुरा आणि वीणा हा नियम जुमानीत नाहीत. याचे कारण ती रुंद, गोलाईची घोडी आणि तानपुऱ्यातला तो दोरा. कंप पावणारी तार घोडीच्या अंगाला वारंवार लागते व सुटते, आणि त्या स्पर्शातून वरचे स्वरांश पुन्हा पुन्हा जागे होतात. नोबेल पारितोषिक मिळायच्या नऊ वर्षे आधीची ही गोष्ट आहे. मिरजेच्या कारागिराने तो निबंध वाचलेला नाही. रामन यांनी कानस हाती धरलेली नसावी. म्युझिक टेक्नॉलॉजी म्हणतात ती या दोघांच्या मधल्या जागेत असते, आणि त्या जागेत उभे राहायचे तर दोघांचीही थोडी थोडी विद्या हवी.

आपल्या सांगलीत असा मधल्या जागेतला एक माणूस होऊन गेला. कृष्णाजी बल्लाळ देवल. निवृत्त डेप्युटी कलेक्टर. ‘पेन्शनीत निघालेल्या माणसाने ज्ञानेश्वरी वाचावी’ असा ज्या काळी रिवाज होता, त्या काळी हे गृहस्थ तारांची लांबी मोजत बसले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचे त्यांना साहाय्य झाले, आणि 1910 साली बावीस श्रुतींवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक पुण्यात छापले गेले. सनदी अधिकारी क्लेमंट्स यांच्याबरोबर त्यांनी श्रुतींची पेटी घडवून घेण्याचाही उद्योग केला. ती पेटी चालली नाही. त्यांच्या काही निष्कर्षांवर पंडितांनी पुढे बरेच वाद घातले, ते आज उकरीत नाही. आम्हांला कौतुक आहे ते गायकासमोर मोजपट्टी घेऊन बसण्याच्या धाडसाचे, आणि मोजपट्टीसमोर गाणाऱ्या खाँसाहेबांचेही.

देवलांची तक्रार नेमकी काय होती, ती आकड्यांत सांगतो. घाबरू नका, हिशेब तिसरीतला आहे. षड्ज 240 कंपांचा धरा. तानपुऱ्यातून निघणारा गंधार षड्जाच्या सव्वापट, म्हणजे एकाच सप्तकात आणून मोजला तर 300 कंपांचा. पेटीवर मात्र सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, त्यामुळे तिथला गंधार 302 कंपांच्याही थोडा वर जातो. फरक सव्वादोन-अडीच कंपांचा. एवढ्याने काय बिघडते? दोन्ही गंधार एकदम वाजवले की आवाज स्थिर राहत नाही; सेकंदाला दोनदा तो फुगतो आणि ओसरतो, पाण्यावरच्या होडीसारखा डुलतो. इंग्लंडात अलेक्झांडर एलिस या विद्वानाने सप्तकाचे 1200 सूक्ष्म भाग कल्पून मापनाची सोय केली; त्या मापाने हा फरक सुमारे 14 भागांचा भरतो. आकाशवाणीवर 1940 पासून तीस वर्षे पेटीला जी बंदी होती, तिच्या कारणांत हेही एक होते.

आता कोणी म्हणेल, हे जुने झाले. मुळीच नाही. 1983 साली अमेरिकेतल्या आणि जपानमधल्या वाद्यकारखानदारांनी मिळून ‘मिडी’ नावाची एक सांकेतिक भाषा ठरवली. एका कंपनीचे वाद्य दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी तिच्यातून बोलते. आज जगातले बहुतेक संगीत कुठे ना कुठे तिच्यातून जाते. तिच्यात प्रत्येक स्वराला 0 ते 127 असा एक आकडा आहे. पियानोवाल्याला एवढे पुरते, कारण त्याचे बोट पट्टीवर पडते आणि उचलते. पण आपली मींड? ऋषभावरून गंधाराला हात न लावता त्याच्या दारावरून परत येणारा तो आवाज कोणत्या आकड्यात बसवणार? सोय आहे, स्वर वाकवण्याची वेगळी आज्ञा त्या भाषेत आहे, पण ती कोठे, किती आणि कोणत्या वेगाने द्यायची हे त्या भाषेत लिहिलेले नाही. चित्रपटाच्या पार्श्वसंगीतात कॉम्प्युटरवर वाजवलेली सतार ऐकून आपण नाक मुरडतो, त्याचे कारण बहुधा यंत्रात नसते. यंत्रापुढे बसलेल्याने कधी सतार जवळून ऐकलेली नसते. उलट बेंगळुरूच्या जी. राज नारायण यांचे उदाहरण घ्या. ते इंजिनिअर आणि बासरीवादकही. 1979 साली त्यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार केला. तो खऱ्या तानपुऱ्याची बरोबरी करतो असे आम्ही म्हणणार नाही, आमचे कान मिरजेचे आहेत. पण भाड्याच्या एका खोलीत, शेजाऱ्यांच्या भीतीने, एकट्याने रियाज करणाऱ्या हजारो मुलामुलींना त्याने षड्ज दिला. नुसत्या इंजिनिअराला ही गरज दिसली नसती, आणि नुसत्या बासरीवाल्याला ती भागवता आली नसती.

गणित लागते का, असेही त्या गृहस्थांनी विचारले. बेसुरा गळा सुरात आणणारे एक यंत्र 1997 साली अमेरिकेत निघाले. ते काढणारे अँडी हिल्डेब्रँड आधी तेलाच्या शोधात होते. जमिनीत स्फोट करायचा, परत आलेल्या लहरींचे गणित करायचे आणि खाली तेल आहे की नाही ते ओळखायचे, हा त्यांचा धंदा. तेच गणित त्यांनी गळ्याला लावले. तेव्हा गणित लागते. निदान त्याची भीती नसावी लागते.

पण आम्ही आज ज्या गोष्टीसाठी उभे आहोत, ती वेगळीच आहे, आणि ती सांगताना आम्हांस अजून संकोच होतो.

1998 सालची गोष्ट. एका गावच्या संगीत मंडळाने एका वयोवृद्ध गवयांची बैठक ठेवली होती. बुवा कित्येक वर्षांत जाहीरपणे गायले नव्हते, आणि त्यांचे ध्वनिमुद्रण जवळजवळ नव्हतेच. मुद्रणाचे काम आमच्याकडे आले. आम्ही नुकतेच नवे डिजिटल यंत्र घेतले होते आणि जुने फितीचे यंत्र घरी ठेवून आलो होतो. बुवांनी तानपुरे जुळवले, दोन आलाप घेतले, आणि त्यावर आम्ही यंत्राची पातळी बांधून टाकली. आवाज वयाने मऊ झालेला, म्हणून पातळी चढी ठेवली. पहिला अर्धा तास उत्तम गेला. मग द्रुत सुरू झाली, आणि त्या म्हाताऱ्या गळ्यातून पंचविशीतल्या पैलवानासारखी तान निघाली. तारषड्जाला काटा शेवटच्या रेघेला टेकला आणि तिथेच राहिला. आमचा हात बटणाकडे जाईपर्यंत आणखी तीन ताना होऊन गेल्या होत्या. श्रोते वाहवा करीत होते आणि आम्ही घामाने भिजलो होतो.

येथे थोडे यंत्राविषयी सांगितले पाहिजे. जुनी फीत दयाळू होती. आवाज तिच्या ताकदीबाहेर गेला तर ती तो किंचित दाबून, गोल करून घेई. जाणत्याला कळे, पण कानाला टोचत नसे. डिजिटल यंत्राची रीत निराळी. 1982 साली निघालेल्या तबकडीचे माप घेतले तर सेकंदाला 44,100 वेळा ते आवाजाची उंची मोजते आणि प्रत्येक मोजमाप 65,536 पायऱ्यांपैकी एका पायरीवर ठेवते. शेवटच्या पायरीच्या वर काही नाही. लाट तिच्यावर गेली की वरचा भाग सुरीने कापल्यासारखा सपाट होतो, आणि तिथे तडतड असा आवाज येतो. आम्हांला हे पुस्तकातून ठाऊक होते, पण हाताला ठाऊक नव्हते. हात अजून फितीच्या सवयीचा होता. शिवाय, आणि ही चूक अधिक मोठी, दोन आलापांवरून गवई किती वर जाईल याचा अंदाज बांधण्याइतके त्या घराण्याचे गाणे आम्ही ऐकलेले नव्हते. ज्याने ऐकले असते, त्याने द्रुत येणार हे ओळखून पातळी आधीच खाली ठेवली असती.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी बुवा गेले. त्यांच्या कन्या पुढे दोनदा आमच्याकडे आल्या. पहिल्यांदा आम्ही त्यांना पहिला अर्धा तासच ऐकवला आणि उरलेले ‘यंत्राने घेतले नाही’ असे सांगितले. ते खोटे होते. दुसऱ्यांदा, बऱ्याच वर्षांनी, खरे सांगून सगळे ऐकवले. आता कापलेल्या लाटा भरून काढणारे प्रोग्रॅम आले आहेत आणि आम्ही तो भाग पुष्कळ दुरुस्त केला आहे. तडतड गेली. बाईंनी ते ऐकले आणि म्हणाल्या, “छान झालंय, पण ही जागा बाबांची नाही.” बरोबर आहे. ती जागा प्रोग्रॅमने दोन्ही बाजूंचे पाहून अंदाजाने भरलेली आहे.

शोनबर्ग नावाच्या मोठ्या संगीतकाराने 1946 साली शिकागो विद्यापीठाच्या कुलपतींना पत्र लिहून सुचवले होते की ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना संगीत आणि पदार्थविज्ञान ही दोन्ही रीतसर शिकवावीत. 1949 साली जर्मनीत डेटमोल्ड येथे तसे शिक्षण सुरूही झाले. तेथे विद्यार्थ्याला वाद्य वाजवता यावे लागते, स्वरलिपी वाचता यावी लागते, आणि विद्युत्‌शास्त्रही सुटत नाही. बुवांची बैठक आठवली की आम्हांला त्या अभ्यासक्रमाचा अर्थ फार चांगला कळतो.

आमच्याकडे तितके एकत्र शिक्षण आजही दुर्मीळ आहे. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट 1960 साली प्रभातच्या जुन्या आवारात सुरू झाली. तेथला ध्वनीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा असून त्याला आधी पदवी लागते. 2009 साली ऑस्कर मिळवणाऱ्या ध्वनियोजकांत रसूल पूकुट्टी हे तेथलेच विद्यार्थी. परंतु ते चित्रपटाचे शिक्षण आहे. गाणे ज्याचे त्याने आणायचे.

आणखी काही किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी. झाळकाम स्वतःला यावे. ऐन कार्यक्रमात तुटलेली वायर प्रोग्रॅमने जोडली जात नाही. वागणे नीट असावे: थोर कलावंताच्या तोंडापुढचा मायक्रोफोन हलवायचा तर “बुवा, जरा अलीकडे घेऊ का?” असे विचारून हलवावा, आणि तोही चीज संपल्यावर. कान जपावेत. 85 डेसिबेलच्या आवाजात आठ तास काम करता येते असे मानतात. पुढे दर 3 डेसिबेलला वेळ निम्मा होतो, म्हणजे 100 डेसिबेलला पाव तासच उरतो. मिरवणुकीत भिंतीएवढ्या ध्वनिवर्धकांपुढे नाचणाऱ्या आमच्या तरुण मित्रांनी हा हिशेब घरी करून पाहावा. त्यांच्यातले काही उद्या याच धंद्यात येऊ पाहतील, आणि तेव्हा भांडवलच खर्ची पडलेले असेल. कायदाही थोडा वाचावा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली जी दुरुस्ती झाली, तिने गीतकार-संगीतकारांचा मानधनाचा हक्क बळकट केला; कागदावर सही करण्यापूर्वी तो माहीत असलेला बरा. आणि यंत्राने माणसाच्या गळ्याची नक्कल करणे आता इतके सोपे झाले आहे, की 2024 साली गायक अरिजित सिंग यांना मुंबई उच्च न्यायालयाकडून आपल्या आवाजाचे संरक्षण मागावे लागले. ते त्यांना मिळाले. हे नवे यंत्र पुष्कळ साधी कामे खाणार, यात आम्हांला शंका नाही. जाहिरातीचे अर्ध्या मिनिटाचे संगीत ते आजच करून देते.

मग पोट कशावर भरायचे? सभागृहांत आणि मंडपांत कार्यक्रमांचा आवाज सांभाळणे, चित्रपट आणि मालिकांचे काम, वाद्यदुरुस्ती, ध्वनिमुद्रणगृहे बांधताना सल्ला देणे, असे हे उद्योग आहेत. एका उद्योगाकडे मात्र कोणी पाहत नाही. घरोघर जुन्या फिती पडल्या आहेत. कोणाच्या आजोबांचे कीर्तन, कोणाच्या गुरूची तालीम. त्या चिकटू लागल्या आहेत. काही फिती मंद उष्णतेत तासन्‌तास शेकून मगच काही काळ वाजवता येतात. ती संधी मर्यादित असते, आणि त्या वेळी यंत्रापाशी कोण बसला आहे यावर सारे अवलंबून असते. पहिली काही वर्षे मिळकत अनियमित असते, हे मात्र आईबापांनी गृहीत धरावे. महिन्याच्या एक तारखेची सवय असलेल्या घराला ते जड जाते.

त्या गृहस्थांना आम्ही सांगितले ते असे. ठेव आजच मोडू नका. मुलीला भौतिकशास्त्राच्या पदवीला घाला, गाणे सोडू देऊ नका, आणि सुटीच्या दिवशी तिला मिरजेत एखाद्या कारागिराच्या दुकानी बसू द्या, कार्यक्रमांना आवाज पुरवणाऱ्या एखाद्या चांगल्या माणसाच्या हाताखाली तारा गुंडाळू द्या. तीन वर्षांनी तिला हेच करायचे असेल, तर ठेव कुठे मोडायची ते ती स्वतःच सांगेल. गृहस्थ म्हणाले, “पण मुलीची जात, रात्री-अपरात्रीचं काम.” आम्ही म्हणालो, रात्रपाळी आपल्या सिव्हिल हॉस्पिटलातल्या मुलीही करतात, आणि तुम्ही त्यांचा अभिमान बाळगता. यावर ते काही बोलले नाहीत. चहा घेतला आणि पत्रक आमच्याच टेबलावर ठेवून गेले.

असो. येताना आम्ही मिरजेचा एक तानपुरा आणि एक पेटी बरोबर आणली आहे. चिटणीसांनी कृपा करून दोन मिनिटे मंडपातले पंखे आणि हा ध्वनिवर्धकही बंद करायला सांगावे. आधी नुसता तानपुरा ऐका; घाई करू नका, खर्जाच्या तारेतून गंधार वर येईपर्यंत थांबा. तो आला की आम्ही पेटीच्या गंधारावर बोट ठेवू. ज्यांना ते डुलणे ऐकू येईल, त्यांनी हात वर करावा. मागच्या रांगेतल्या मुलांनी आधी.